आमचं कवठ आणि गुरुजींचा बोअर

बीड जिल्ह्यातलं आमचं गाव. नाव सांगत नाही. पुढं गावातल्या एका कार्यालयाबद्दल दोन शब्द बोलायचे आहेत, आणि माझी बरीच कामं अजून त्याच कार्यालयात अडकलेली आहेत.

तर मे महिन्यातल्या एका शुक्रवारी, दुपारी सव्वाचार वाजता, अवकाळी वाऱ्यानं आमच्या अंगणातलं कवठाचं झाड पडलं. पडलं म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. ते बसलं. आधी जरा मागं कललं, मग रस्त्याकडच्या बाजूची मुळं मातीसकट वर आली, आणि मग कुणालाही इजा न करता, माझी स्कूटर वीतभर अंतरानं वाचवून, ते अंगणात आडवं झालं. मी खिडकीत चहाचा कप धरून उभा होतो. ओरडलो नाही, धावलो नाही. ओरडावं की धावावं हे आधी ठरवावं लागतं, आणि ठरवणं हा माझा प्रांत नाही.

हे जरा नीट सांगितलं पाहिजे. मी शिवशंकर. एका साखर कारखान्यात बत्तीस वर्षं भांडारपाल होतो. भांडारात वस्तू तीन प्रकारची असते: चालू, दुरुस्तीयोग्य आणि भंगार. कुठली वस्तू कुठल्या प्रकारात टाकायची ते वरची समिती ठरवायची. मी फक्त कागद लावायचो आणि खाली लिहायचो, 'निर्णयार्थ सादर'. बत्तीस वर्षांत मी एका बोल्टालासुद्धा स्वतःच्या जबाबदारीवर भंगार म्हटलं नाही. घरी समितीचं काम रोहिणीकडं आहे. भाजी कुठली, पाहुण्यांना थांबवायचं की वाटेला लावायचं, सगळं ती ठरवते, आणि आमचा संसार उत्तम चाललेला आहे.

"पडलं," रोहिणी दारात येऊन म्हणाली.

"हो," मी म्हणालो.

"आता?"

मी तिच्याकडं पाहिलं. तिनं माझ्याकडं पाहिलं. "माझ्याकडं बघू नका," ती म्हणाली. "घरातलं मी बघते. अंगण तुमचं."

झाड नुसतं आमचं असतं तर मी ते वर्षभर तसंच पडू दिलं असतं. पण ते कंपाउंडच्या भिंतीला लागून होतं आणि त्याची निम्मी सावली बाहेर गल्लीत पडायची. त्या सावलीत बावीस वर्षं रहेमतबींचा फळांचा गाडा उभा असायचा. उन्हाळ्यात टरबूज-खरबूज, पावसाळ्यात केळी, दिवाळीच्या तोंडाला सीताफळं. वय अडुसष्ट. अख्खी गल्ली त्यांना खाला म्हणते, मी आपा म्हणतो. मागच्या उन्हाळ्यात बसस्टँडसमोर गाडा लावायचा म्हणून दोनच दिवस गेल्या, तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन रस्त्यावर पडल्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, सावली असेल तर धंदा करा, नसेल तर घरी बसा.

शनिवारी सकाळी त्या फाटकाशी आल्या. झाडाकडं बराच वेळ पाहत राहिल्या.

"अल्ला की मर्जी, भाऊ," त्या म्हणाल्या. "बावीस साल संभाला इसने. आता मी उमापूरला बहिणीकडं जाते. गाडा विकून टाकते. बस झालं."

आणि तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते कुणाच्या तोंडून निघालं हे मी अजून शोधतो आहे.

"आपा, कुठंही जायचं न्हाई! आठ दिवसांत झाड उभं करतो. माझा शब्द हाय."

स्वयंपाकघरात काहीतरी पडल्याचा आवाज आला. रोहिणीच्या हातातलं झाकण होतं ते.

रहेमतबींनी मला नीट निरखून पाहिलं. "आठ दिन," त्या म्हणाल्या. "ठीक हाय. पुढच्या शनिवारपर्यंत थांबते." आणि गाड्याला जुनी छत्री बांधून त्या उन्हात उभ्या राहिल्या.

त्या दिवसापासून आमच्या अंगणात गल्लीची सभा भरायला लागली. झाड उभं होतं तेव्हा त्याच्याखाली बसायला कुणाला सवड नव्हती. आडवं झाल्यावर मात्र बुंध्यावर ओळीनं पाचजण आरामात बसत. रोहिणी चहा करून करून थकली. एकानं सांगितलं, मुळांना गुळाचं पाणी घाला. दुसऱ्यानं सांगितलं, गुळानं मुंग्या होतील, ताक घाला. तिसऱ्यानं सांगितलं की दारात कवठ असलं की घरात भांडणं होतात.

"आमच्यात तर कधी झाली नाहीत," मी म्हणालो.

"भांडायला समोरचा बोलायला लागतो," रोहिणी कपबशा गोळा करता करता म्हणाली.

पण सगळ्यांत जड मत होतं गहिनीनाथ गुरुजींचं. गुरुजी आमच्या बरोब्बर समोर, गल्लीच्या पलीकडं राहतात. हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेत, त्यामुळं त्यांच्या मताला प्रयोगवहीचं वजन असतं. शिवाय आमच्या कवठाचा पाला अठरा वर्षं त्यांच्या पोर्चमध्ये जात होता, हाही मुद्दा होताच.

"शिवशंकरराव, मूळ हवेत आलं म्हणजे विषय संपला," गुरुजी बुंध्यावर मांडी घालत म्हणाले. "केशमुळं सुकली की झाड खलास. तोडून टाका. लाकूड लई कडक असतं कवठाचं, कामाला येईल."

"आपांना शब्द दिलाय हो गुरुजी."

"भावनेनं झाड उभं न्हाई ऱ्हात. पाणी लागतं पाणी!"

ते खरंच होतं. मे महिना, आणि आमच्याकडं नळाला नऊ दिवसांनी पाणी. अशा दिवसांत झाडाच्या मुळांवर बादली ओतणाऱ्या माणसाकडं गल्ली ज्या नजरेनं बघते, ती नजर मला माझ्याकडं वळवून घ्यायची नव्हती. म्हणून मी गुरुजींनाच विचारलं, "तुमच्या बोअरला तर दोन इंची पाणी हाय म्हणता. रोज चार बादल्या दिल्या तर?"

गुरुजींचा बोअर ही गल्लीतली मानाची वस्तू. त्यांच्या फाटकालगत, गल्लीच्या कडेला, लोखंडी केसिंग जमिनीतून हातभर वर आलेलं, त्यावर टोपण, टोपणातून पाइप, पाइपला पितळी कॉक. गुरुजी रोज सकाळी तो कॉक फडक्यानं पुसतात. त्यातून पाणी आलेलं मात्र अलीकडं कुणी पाहिलेलं नव्हतं, कारण ज्या ज्या वेळी कुणी पाणी मागे, त्या त्या वेळी काहीतरी घडलेलं असे.

"दिलं असतं की," गुरुजी म्हणाले. "पण व्होल्टेज न्हाई सध्या. मोटर जळंल."

शेवटी रोहिणीनंच, कुणाला काही न विचारता, पोत्याचे तुकडे मुळांवर गुंडाळले आणि भांडी विसळलेलं पाणी त्यावर टाकायला सुरुवात केली. संध्याकाळी रहेमतबी बर्फाच्या पेटीतलं वितळलेलं पाणी आणून ओतायच्या. मी बाजूला उभा राहून मान हलवायचो.

सोमवारी मी कार्यालयात गेलो. रोहिणी म्हणाली होती, "कार्यालयात कशाला? माणसं बघा, उचला." पण बत्तीस वर्षं कागदावर जगलेल्या माणसाला कागदाशिवाय काही उचलता येत नाही.

तिथं वृक्ष विभागात अंगद नावाचा एक लिपिक बसतो. वृक्ष विभाग म्हणजे एक टेबल. त्याच टेबलावर मोकाट जनावरं आणि विवाह नोंदणीही आहे, त्यामुळं माझ्या आधी एक नवं जोडपं आणि एक हरवलेल्या म्हशीचे मालक बसले होते.

"झाड तोडायचंय?" अंगदनं विचारलं.

"न्हाई. पडलंय. उभं करायचंय."

त्यानं ड्रॉवर उघडला, बघितला, बंद केला. "तोडायचा फॉर्म हाय. छाटायचा हाय. उभं करायचा न्हाई."

"मग परवानगीशिवाय उभं केलं तर चालतं का?"

"आसं कसं चालंल? पन तसा फॉर्मच न्हाई तर परवानगी कशी देऊ?" अंगदलाही प्रश्न पडला. तो मुळात चांगला पोरगा. डोकं खाजवून म्हणाला, "काका, तुमी तोडायचाच फॉर्म भरा. कारणाच्या रकान्यात खरं काय ते लिवा. साहेब वाचतील की."

मी भरला. 'वृक्ष तोडण्याचे कारण' या रकान्यात लिहिलं: 'तोडायचा नाही, उभा करायचा आहे.' 'लाकडाची विल्हेवाट' या रकान्यात लिहिलं: 'लाकूड निघणार नाही.' सुवाच्य अक्षरात. आणि अर्जाच्या शेवटी, हात आपला आपण चालला, सवयीनं लिहून आलो: 'निर्णयार्थ सादर.'

बुधवारी दुपारी आदेश आला. आमच्या गावात रस्त्याचा खड्डा बुजायला तीन वर्षं लागतात, पण हा आदेश दोन दिवसांत आला. 'सदर पडलेला वृक्ष धोकादायक असल्याने तो तोडण्यास मंजुरी देण्यात येत आहे. गुरुवारी सकाळी अकरा वाजता पथक सदर ठिकाणी येऊन सदर पडलेला वृक्ष तोडून लाकूड घेऊन जाईल. अर्जदाराने पाच रोपे लावावीत.'

मी आदेश घेऊन तसाच उन्हातनं कार्यालयात पळालो. अंगद म्हणाला, "काका, आता आदेश निघाला. रद्द करायचा अर्ज येगळा, तो साहेबांच्या सहीनं हुतो, आन् साहेब सोमवारपर्यंत रजेवर हायेत."

"पण मी स्पष्ट लिहिलं होतं, तोडायचा न्हाई म्हणून!"

अंगदनं फाइल काढून शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे बगा. तुमीच लिवलंय, निर्णयार्थ सादर. मग साहेबांनी निर्णय घेतला."

घरी आलो. आदेश रोहिणीच्या हातात दिला. तिनं वाचला, अर्जाची हकीकत ऐकली, आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा आमच्या घरात कवठाचा तो दोष खरा ठरला.

"झाड आपलं, शब्द तुमचा, आणि निर्णय त्यांचा?" ती म्हणाली. "त्या म्हातारीला काय सांगणार आहात उद्या? सांगा, समितीनं नामंजूर केलं म्हणून!"

खरं सांगतो, लाज वाटली. कारखान्यात ऑडिटवाल्यांनी सगळ्यांदेखत दोन तास उभं केलं होतं, तेव्हासुद्धा अशी वाटली नव्हती. बाहेर पाहिलं तर रहेमतबी छत्रीखाली ओला रुमाल डोक्यावर टाकून बसल्या होत्या. सकाळपासून त्यांचा चेहरा उतरलेला होता. मी बाहेर गेलो आणि सगळं सांगून टाकलं. फॉर्म, आदेश, उद्याचे अकरा, सगळं.

त्या रागावल्या नाहीत. त्यामुळं जास्तच वाईट वाटलं.

"जेसीबी आणतो म्हणलं तर या गल्लीत शिरत न्हाई," मी म्हणालो. "क्रेन तर लांबच. आपा, मला काही सुचंना झालंय."

रहेमतबींनी रुमाल पिळला. "वो ख्वाजा हाय ना," त्या म्हणाल्या, "बोअरच्या मोटरा काढनारा. तीनशे फुटावरनं मोटर, पाइप, पाणी, सगळं वर खेचतो. झाड तर वरच पडेला हाय."

मला एकदम आठवलं. आमच्याकडं दर उन्हाळ्यात कुणाची ना कुणाची मोटर बोअरमध्ये अडकते, आणि मग ख्वाजा येतो. बरोबर लोखंडी तीन पायांचा उंच घोडा, चेन-पुली, तारेचा दोर आणि दोन माणसं. जिल्ह्यात पाणी नसेल, पण जमिनीच्या पोटातून वस्तू वर खेचण्याच्या बाबतीत आमचा हात कुणी धरणार नाही.

संध्याकाळी ख्वाजा आला. चाळिशीचा, काटक, कमी बोलणारा. झाडाभोवती एक फेरी मारली, बुंध्यावर थापटलं.

"किती फुटावर हाय?" त्यानं विचारलं.

"अरे बाबा, मोटर न्हाई. झाड हाय. समोरच हाय."

"ते दिसतंय काका. मुळं किती फुटावर हायेत ते इचारतो." तो वाकून मुळांकडं बघायला लागला. "घराकडची मुळं जमिनीत शाबूत हायेत. वली बी हायेत. कुणी वली ठिवली?"

मी रोहिणीकडं बोट दाखवलं. ख्वाजानं तिला अदबीनं सलाम केला. मला नाही केला.

"उभं हुईल," तो म्हणाला. "पन निम्म्या फांद्या काढाव्या लागतील. वजन बी कमी, आन् मुळांवरचा भार बी कमी."

"फांद्या तोडायला परवानगी..." मी म्हणालो, आणि थांबलो. परवानगी तर खिशात होती. अख्खं झाड तोडायची परवानगी! निम्मं तोडायला कोण अडवणार? त्या आदेशाचा मला पहिल्यांदाच आनंद झाला.

"सकाळी सहाला येतो," ख्वाजा म्हणाला. "रस्त्याकडनं खेचावं लागंल. पलीकडं पक्का आधार पायजे, न हलनारा. खुट्टी ठोकून भागनार न्हाई." त्यानं गल्लीच्या पलीकडं पाहिलं, आणि त्याची नजर गुरुजींच्या बोअरवर थांबली. "ते केसिंग. चाळीस फूट खाली खडकात बसवलेलं हाय. हत्ती बांदला तरी हलायचं न्हाई."

मी गुरुजींकडं गेलो.

"अजिबात न्हाई!" गुरुजी म्हणाले. "आत मोटर हाय! हिसका बसला, मोटर तुटून खाली गेली म्हंजे? दोन इंची पाणी हाय त्या बोअरला. एका मेलेल्या झाडापायी मी जिता बोअर घालवू?"

"गुरुजी, हळूच—"

"न्हाई म्हंजे न्हाई. विज्ञानाच्या दृष्टीनं हे चूक हाय."

ख्वाजा माझ्यामागं येऊन उभा होता ते मला माहीत नव्हतं.

"गुरुजी," तो अगदी सहज म्हणाला, "मोटर कुठं हाय आत? तीन वर्सांमागं मीच काढली की. साडेसातशे फूट नुसता फुफाटा. तुमीच म्हनलाते, परत सोडू नगं, टोपन लावून टाक."

गल्लीत तेव्हा आठ-दहा माणसं होती. कुणी हसलं नाही, आणि तेच भयंकर होतं. गुरुजींचा चेहरा बघवेना. तीन वर्षं रोज सकाळी पुसलेला तो कॉक! मला त्यांची इतकी दया आली की माझा स्वतःचा अपमान मी क्षणभर विसरलो.

गुरुजी खाली पायरीवर बसले.

"निवृत्तीचे सगळे पैसे त्याच्यात घातले," ते म्हणाले. "सून म्हणलीती, घेऊ नका. काय सांगणार होतो तिला?"

"गुरुजी, आमच्या घरामागं बी एक हाय, सहाशे फूट," मी म्हणालो. "त्यात बी फुफाटाच. आमी वर तुळस ठेवलीय."

गुरुजींनी वर पाहिलं. मागून कुणीतरी म्हणालं, "आमचा पाचशे ऐंशी." आणखी कुणीतरी म्हणालं, "आमचे दोन हायेत." पाच मिनिटांत आमच्या गल्लीच्या जमिनीखाली एकूण किती फूट कोरडी भोकं आहेत याचा हिशेब होऊन गेला, आणि गुरुजींचा बोअर सगळ्यांत खोल निघाला. तेवढ्यानं त्यांना जरा बरं वाटलं.

"घ्या," गुरुजी उठून म्हणाले. "बांधा माझ्या बोअरला. निदान कशाच्या तरी कामाला येऊ द्या मेल्याला!"

गुरुवारी सकाळी सहाला ख्वाजाची माणसं आली. आधी फांद्या छाटल्या. त्या पडताना मला स्वतःचे केस कापल्यासारखं झालं. मग भिंतीला लागून तीन पायांचा घोडा उभा केला, बुंध्याला पोती गुंडाळून त्यावरून तारेचा दोर आवळला, दोर घोड्यावरून गल्लीपार गेला आणि चेन-पुलीमार्फत गुरुजींच्या केसिंगला बांधला गेला. गल्ली बंद. दूधवाला एका बाजूला, शाळेची रिक्षा दुसऱ्या बाजूला. रहेमतबींनी गाडा दोराच्या पलीकडं, गल्लीच्या तोंडाशी नेऊन लावला.

ख्वाजा साखळी ओढायला लागला. कट् कट् कट्. झाड हललं. चार बोटं उचललं गेलं. गल्लीतून 'हाऽऽ' असा आवाज आला. मग टेकू, मग पुन्हा कट् कट्. आठ वाजता झाड स्कूटरच्या उंचीला आलं. नऊ वाजता माझ्या खांद्याला. गुरुजी केसिंगपाशी उकिडवे बसले होते आणि दर दोन मिनिटांनी जाहीर करत होते, "बोअर हललेला न्हाई! बोअर जागच्या जागी हाय!"

साडेदहाला झाड अर्ध्यावर आलं आणि थांबलं. साखळी ताणून ताणून गाऊ लागली, पण झाड पुढं येईना.

"पुलीचं काम झालं," ख्वाजा घाम पुसत म्हणाला. "आता मानसं पायजेत. दुसरा दोर बांदून हातानं वढावा लागंल."

गल्लीत जेवढे होते तेवढे धावले. मीसुद्धा. झाड इंचभर आलं आणि पुन्हा थांबलं. आणि नेमकं तेव्हाच गल्लीच्या तोंडाशी ट्रॅक्टर थांबला. अंगद उतरला. मागं चार दणकट गडी, हातात कुऱ्हाडी. अकराला दहा मिनिटं कमी होती. कार्यालय वेळेआधी आल्याचं मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं.

"काका, हे काय चाललंय?" अंगद दोराच्या पलीकडून ओरडला. "दोर काढा! आमाला आत यायचंय!"

दोर हातात, घाम डोळ्यांत, झाड अर्धं उभं आणि शब्द अर्धा पाळलेला.

"अगा अंगद," रहेमतबींचा आवाज आला, अगदी शांत, "किती ऊन हाय बाबा. बैठो. टरबूज खावा. अकरा वाजायचे हायेत अजून."

त्यांनी टरबूज चिरलं. गड्यांनी कुऱ्हाडी गाड्याला टेकवल्या. बेचाळीस डिग्रीत ट्रॅक्टरवरून आलेली माणसं ती. लालभडक फोडी बघून त्यांना आदेश-बिदेश काही आठवेना. अंगदही एक फोड घेऊन उभा राहिला.

ख्वाजानं मान वळवून पाहिलं. तो कामात असला की त्याला समोरचा माणूस कुठल्या कार्यालयाचा आहे हे दिसत नाही, फक्त हात दिसतात.

"ए! खात कावून उभे हाव बे?" तो गरजला. "धरा की दोर! एवडे रेडे असून बघतायत नुसते!"

आणि त्या चौघांनी, देवाशपथ सांगतो, फोडी तोंडात कोंबल्या, दाढ्या पुसल्या आणि दोर धरला! माणसाला कुणी जोरात हाक मारली आणि समोर दोर असला की तो ओढायचाच असतो, एवढंच त्यांना ठाऊक. "याऽऽ अली!" ख्वाजा ओरडला. "वैजनाथ महाराज की जय!" गडी ओरडले. गुरुजी ओरडले, "बोअर जागच्या जागी हाय!"

झाड आलं. एकदम आलं नाही; आधी करकरलं, मग थरथरलं, मग खड्ड्यात धप्प करून बसलं आणि सरळ उभं राहिलं. छाटलेलं, बोडकं, अंगभर पोती गुंडाळलेलं. पण उभं! रोहिणी पाटीभर माती घेऊन धावली. अख्ख्या गल्लीनं पायानं माती लोटली. तीन बाजूंनी तारा ताणल्या गेल्या, त्यातली एक अर्थातच गुरुजींच्या बोअरला. मला रडू फुटलं आणि मी ते लपवलं नाही.

अकरा वाजून दहा मिनिटांनी अंगद आदेश हातात घेऊन अंगणात आला. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. त्याचे गडी त्याच्या मागं दोराचे वळ पडलेले तळवे चोळत उभे होते.

"काका, आता मी काय करू?" तो रडकुंडीला आला. "पथक आलं. तोडायला आलं. रिपोर्ट तर द्यावा लागंल. काय लिवू?"

"आदेश वाच," मी म्हणालो. माझा आवाज मलाच नवा वाटला. "काय लिहिलंय? 'सदर पडलेला वृक्ष.' मग बघ इथं. पडलेला वृक्ष दिसतोय का कुठं?"

अंगदनं पुन्हा एकदा अंगण पाहिलं. मग हळूहळू त्याच्या तोंडावर हसू पसरलं.

"लिही," मी म्हणालो. "पथक सदर ठिकाणी वेळेवर हजर झाले. पाहणी केली असता सदर ठिकाणी पडलेले झाड आढळून आले नाही. प्रकरण बंद."

"निर्णयार्थ सादर करू का साहेबांना?"

"खबरदार! निर्णय झालेला हाय."

रोहिणी माझ्याकडं बघत होती. दुपारी जेवायला बसलो तेव्हा तिनं मला विचारलं, "संध्याकाळी भाजी कुठली करू?" संसाराच्या एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा. मी गांगरलो, पण सांगितलं. दोडका. तिनं केलाही.

आता एक खरी गोष्ट सांगायची राहिली. झाड उभं राहिलं खरं, पण निम्म्याहून जास्त फांद्या गेलेल्या. दुपारी बाहेर गेलो तर गल्लीत पडलेली सावली जेमतेम एका चादरीएवढी. रहेमतबी उन्हात उभ्या राहून त्या तुकड्याकडं बघत होत्या. माझा चेहरा पडला. म्हटलं, "आपा, एवढंच झालं हो. चुकलंच माझं."

त्यांनी छत्री सोडली, गुंडाळून गाड्याखाली ठेवली. मग गाड्याला हात लावला आणि तो ढकलत आणून बरोब्बर त्या सावलीत उभा केला. गाडा मावला, त्यांचं स्टूल मावलं, त्या मावल्या. दुपार सरली तशी सावली सरकली, आणि त्यांनी गाडा दोन हात पुढं घेतला. पुन्हा सरकली, पुन्हा घेतला. मी फाटकात उभा राहून बघत होतो.

तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. उमापूरहून बहीण असावी. रहेमतबींनी टरबुजावरून पाण्याचा हात फिरवला, फोन कानाला लावला आणि मोठ्यानं म्हणाल्या,

"कहाँ जाती मैं? इथंच हाय. झाडाखाली."